रुसूबाई आणि काचेचा पाव फेरा

आमच्या आर्तिगेत गावात अजून सांगतात, की रेजीन लाक्रांपनं एका काचेच्या तुकड्यासाठी रोपवेचा भरलेला डबा दरीवर लटकवून ठेवला. डब्यात पर्यटक होते, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या काखेत कुत्रं, आणि ही बाई दाराची दांडी धरून ओरडत होती, "मागं घ्या! वर घ्या डबा!" चालक घाबरला, त्यानं कळ दाबली, आणि सगळे जण वाऱ्यावर डुलत राहिले. पावाच्या दुकानातली ओदेत हे सांगताना शेवटी आवाज खाली आणते आणि ओठ जेमतेम हलवत पुस्ती जोडते, "काच म्हणे तिनं स्वेटरच्या आत लपवली होती." ही काच दर वेळी थोडी वाढते. मागच्या खेपेला ताटाएवढी झाली होती.

यातलं ओरडणं तेवढं खरं. डबा थांबला तो वाऱ्यामुळे. पिरेनीज डोंगरांच्या या बाजूला शरद ऋतूत दक्षिणेचा वारा सुटला की रोपवे थांबतोच, त्याला रेजीनची परवानगी लागत नाही. आणि काच तिच्याजवळ नव्हतीच. काच वर होती, शिखरावरच्या दुर्बिणीच्या पोटात, आपल्या जागी बसलेली. नीट बसलेली होती की उलटी, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नानं रेजीनची झोप, भूक आणि बोलण्यातला ताल, तिन्ही पळवली होती.

रेजीन म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. आम्ही पोरं तिला ताता म्हणतो, इथे आत्यालाही ताता आणि मावशीलाही ताता. तिचा बाप दुधाच्या बरण्या घरोघर पोचवायचा. ही तार्ब गावी जाऊन काचकाम शिकली, चष्म्याच्या दुकानात लागेल असं सगळ्यांना वाटत होतं, तर वरच्या वेधशाळेत लागली आणि तिथेच राहिली. आठवडाभर वर, आठवडाभर खाली. खाली असली की गॅस बंद आहे का ते तीनदा बघते, मग दाराला कुलूप लावते, मग कुलूप ओढून बघते, मग गाडीपर्यंत जाऊन परत येते. ल्युल्यू नावाचा एक भला माणूस तिच्याबरोबर बरीच वर्षं राहिला. तो गेला तेव्हा एवढंच म्हणाला, "रेजीन, मला एकदा तरी सिनेमा सुरुवातीपासून बघायचाय." ती यावर चिडली नाही. तिचं म्हणणं होतं की तो बरोबर बोलला, फक्त जाताना त्यानं दार नीट लावलं नाही.

वर तिच्या ताब्यात असतात ते तिरक्या कापाचे काचेचे ठोकळे. ताऱ्याचं चुंबकत्व काही डोळ्यांना दिसत नाही. पण ताऱ्याच्या प्रकाशात त्याचा एक बारीकसा पीळ उतरतो, डावा नाहीतर उजवा, आणि त्या पिळावरून कळतं की चुंबकाचं कुठलं टोक आपल्याकडे आहे. तो पीळ सोडवायचं काम हे ठोकळे करतात. मग पडद्यावर एक नागमोडी रेघ उमटते, आधी वर मग खाली, किंवा आधी खाली मग वर. एवढंच. माणसं त्या रेघेसाठी आयुष्य घालवतात.

रेजीननं घातलं ते एका ताऱ्यासाठी. कॅटलॉगात त्याला लांबलचक नंबर आहे, पण वरचा स्वयंपाकी जॅनो यानं त्याचं नाव रुसूबाई ठेवलं होतं, कारण तिच्याकडे दुर्बीण वळवली रे वळवली की ढग येतात. रुसूबाईला एक ग्रह चिकटलेला आहे, आपल्या गुरूसारखा धिप्पाड, आणि इतका जवळ की तीन दिवसांत फेरी आटोपतो. आपला सूर्यही आपल्या चुंबकाची टोकं उलटीपालटी करतो, पण त्याला अकराएक वर्षं लागतात, सरकारी कचेरीसारखा सावकाश कारभार. रुसूबाई मात्र वर्षा-दोन वर्षांत पालटते. का? काही म्हणतात, तो दांडगा ग्रह इतक्या जवळून फिरतो, त्याच्या ओढीनं ताऱ्याच्या अंगाची घुसळण होते आणि म्हणून चक्र जोरात फिरतं. काही म्हणतात, ग्रहाचा काही संबंध नाही, बाईची जातच चंचल. भांडण मिटवायचं तर एकच उपाय. ती नेमकी कधी पालटते ते बघत राहायचं, आणि जमलं तर आधी सांगायचं.

रेजीननं आधी सांगितलं. वसंतात तुलूझला बैठक होती. तिथला बास्तियाँ देल्मा हा या कामाचा म्होरक्या, एके काळी रेजीनच्या हाताखाली काचा पुसायला शिकलेला. वाईट माणूस नाही, पण तो 'थोडक्यात' म्हणाला की ऐकणाऱ्यानं खुर्ची ओढून घ्यावी. तो बोलत असताना रेजीन मध्येच म्हणाली, "या शरदात पालटेल ती. सूर्याआड जायच्या आत." आणि कानापर्यंत लाल झाली.

"थोडक्यात," बास्तियाँ म्हणाला, आणि बराच वेळ बोलला. शेवटी म्हणाला, "रेजीन, हे खरं ठरलं तर लेखावर पहिलं नाव तुझं. शपथेवर सांगतो."

यंत्रं सांभाळणाऱ्यांची नावं नेहमी शेपटीला असतात, आभारांच्या जेमतेम वर. त्या दिवशी घरी आल्यावर रेजीननं गॅस फक्त दोनदा बघितला.

ऑगस्टात दमट हवेनं काचांवर पापुद्रा धरला. ठोकळे काढून, पुसून परत बसवायचे होते. हे काम तिनं कितीदा केलेलं. पितळी चौकटीवर आणि ठोकळ्याच्या कडेवर पेन्सिलीनं एकेक ठिपका द्यायचा, ठोकळा काढायचा, पुसायचा, ठिपक्याला ठिपका जुळवून बसवायचा. या खेपेला चौकटही पुसली गेली, आणि चौकटीवरचा ठिपकाही. तिला ते तेव्हाच दिसलं. क्षणभर ती चिमट्यात काच धरून तशीच थांबली. मग हाताला जशी आठवत होती तशी तिनं ती बसवली.

ठोकळा पाव फेरा फिरून बसला तर काय होतं, हे सांगायलाच हवं. काहीही होत नाही. प्रकाश कमी होत नाही, चित्र धुरकट होत नाही, कसलाही दिवा लागत नाही. फक्त डावा पीळ उजवा दिसतो. उत्तरेची दक्षिण होते. सगळ्या ताऱ्यांची.

म्हणून वर एक रिवाज आहे. काच हलवली की पहिल्याच मोकळ्या आकाशात आधी हवालदाराकडे बघायचं. हवालदार म्हणजे दक्षिणेकडचा एक जुना, मख्ख तारा. त्याचं चुंबकत्व जबरदस्त, आणि माणसाच्या उभ्या हयातीत न पालटणारं. त्याची रेघ नेहमीसारखी दिसली तर काच बरोबर, उलटी दिसली तर काच उलटी. विचारायचं, आणि मगच पुढे जायचं.

सप्टेंबरात रुसूबाई पश्चिमेला खाली उतरली होती. दिवस मावळल्यावर थोडा वेळ दिसायची, मग डोंगराआड. आणि सगळीकडे ढग. तीन संध्याकाळी ढगाला फट पडली, ती नेमकी पश्चिमेला. दक्षिण गच्च. पहिल्या दिवशी रेजीनला वाटलं, थांबावं, हवालदार दिसला की मग. पण फट मिटायला लागली होती. तिनं दुर्बीण रुसूबाईवर लावली.

रेघ पालटलेली होती. आधी वर मग खाली, त्याऐवजी आधी खाली मग वर. तिन्ही दिवस.

फोनवर बास्तियाँ इतका ओरडला की जॅनोला ओट्यापाशी ऐकू गेलं. "रेजीन! तू म्हणाली होतीस! थोडक्यात, गुरुवारी परिषदेत सांगतोय मी, पहिली स्लाईड तुझ्या नावाची!"

"हो," रेजीन म्हणाली. "छान."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठली आणि न जेवताच टेबलापाशी बसून राहिली. जॅनोनं कोबी आणि बदकाचं मांस घातलेलं घट्ट सूप पुढे ठेवलं. जॅनो बोलतो ते असं, की प्रत्येक वाक्य म्हणजे त्याच्यावर झालेला एक अन्यायच.

"जेव. नाहीतर ओतून देतो. मला काय, सकाळपासून नुसता उभाच आहे."

"जॅनो, ऑगस्टात मी काच बसवली तेव्हा तू आला होतास का वर?"

"आलो होतो. कॉफी घेऊन. तू बघितलंही नाहीस. गार झाली, मीच प्यालो."

"मी काच कुठल्या अंगानं धरली होती?"

"मी स्वयंपाकी आहे, रेजीन. तू ती जिभेवर धरली असतीस तरी मला समजलं नसतं." मग तो समोर बसला. "काय झालंय?"

तिनं सांगितलं. जॅनोनं पावाचा तुकडा मोडला, सुपात बुडवला, विचार केला.

"म्हणजे तारा उलटलाय, नाहीतर काच उलटलीये."

"हो."

"आणि बघायला गेलं तर दोन्ही सारखंच दिसतं."

"अगदी सारखं."

"मग तो तुझा हवालदार?"

"ढगात आहे."

"जनमभर उभा राहिला मेला," जॅनो म्हणाला, "आणि कामाच्या दिवशी रजेवर."

ढग हलेनात. काच काढून बघावी म्हटलं तरी कळायचं नव्हतं, ठिपका तर पुसून गेला होता. उलट एकदा काढली की ती तीन दिवस कशी बसलेली होती याचा पुरावाच संपला. रेजीन दिवसातून चारदा दुर्बिणीखाली जायची, बॅटरी लावून काचेकडे बघायची, हात मागे बांधून, चुकून स्पर्श होऊ नये म्हणून. तिथे उभं राहून ऑगस्टातला आपला हात आठवायचा प्रयत्न करायची. एकदा आठवायचं की अंगठा वर होता. एकदा आठवायचं की अंगठा खाली होता. दोन्ही आठवणी तितक्याच लख्ख होत्या.

तिनं बास्तियाँला फोन केला.

"गुरुवारी सांगू नकोस. हवालदार बघितला नाही मी."

तो म्हणाला, "रेजीन, तूच बसवलीस ना काच?"

"म्हणून तर म्हणतेय."

"थोडक्यात, तू इतकी वर्षं बसवतेयस, एकदाही चुकली नाहीस. आणि तारा पालटला तो तू सांगितलेल्या वेळी. दोन योगायोग एकदम? काच चुकली असती तर ती नेमकी तुझ्या भाकिताच्या बाजूनं कशी चुकली असती?"

हाच तर काटा होता. तिला पालटलेली रेघ हवी होती. हाताला ते माहीत होतं का? हात लबाडी करतो का? हे बास्तियाँला सांगण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "गुरुवारच्या आत कळवते," आणि फोन ठेवला. मग तो नीट ठेवला गेलाय का ते बघितलं.

मंगळवारी तिची पाळी संपली. बदलीचा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता, अंदाज सगळा आठवडा ढगाळ होता, वर थांबण्यात अर्थ नव्हता. दुपारी उशिरा ती पर्यटकांबरोबर खाली निघाली. डब्यात चालक म्हणून फेलिक्स होता. बारा महिने तीन भाषांत सूचना देऊन देऊन तो घरीही तसाच बोलतो. मीठ मागतानासुद्धा आधी घसा साफ करतो.

डबा ढगात शिरला आणि सगळं पांढरं झालं. मग वरचे पोलादी दोर गुणगुणायला लागले, डबा कुशीवर गेला, सावरला, आणि थांबला.

"मंडळी," फेलिक्स म्हणाला, "वाऱ्यामुळे आपण काही काळ थांबत आहोत. कृपया खिडक्यांना टेकू नये आणि कुत्र्याला खाली ठेवावं."

कुणीतरी रडायला लागलं, कुणीतरी फोटो काढायला लागलं. रेजीन दारापाशी होती. वाऱ्यानं ढग खेचला, फाटला, आणि फटीतून वर शिखर दिसलं, उन्हात. दुर्बिणीचा पांढरा घुमट दिसला. त्याच्यामागे निळं आकाश. पश्चिमेलाच नव्हे, दक्षिणेलाही. जो वारा त्यांना लटकवत होता, तोच वर झाडू मारत होता.

"फेलिक्स, वर घे!"

"मादाम लाक्रांप, शांत राहावं."

"आकाश मोकळं झालंय! मागं घे, वर घे डबा!"

"मादाम लाक्रांप," फेलिक्स त्याच सुरात म्हणाला, "हा रोपवे आहे, टॅक्सी नव्हे. तो वरही जाणार नाही आणि खालीही जाणार नाही. धन्यवाद."

ओदेतच्या गोष्टीतला ओरडा तो एवढाच. पण तिच्याकडे बघणाऱ्या बायांना वाटलं की हिला वेड लागलंय, आणि एकीनं आपलं पोर दुसऱ्या बाजूला घेतलं.

नेमका त्याच वेळी मी तिला फोन केला होता, रविवारी जेवायला येणार का विचारायला.

"ताता, कुठं आहेस?"

"लटकलेय."

"म्हणजे?"

तिनं सगळं एका दमात सांगितलं, काच, ठिपका, हवालदार, बास्तियाँ, मधूनमधून दोरांचा आवाज. तिचा आवाज आमच्या खोऱ्यातला, शब्दाचं शेपूट लांबवणारा, पण त्या दिवशी शेपटं तुटून पडत होती.

मी म्हणाले, "तू बरोबरच बसवली असशील. तू गॅस तीनदा बघतेस."

"तीनदा बघणारीच चुकते, पोरी. तिला आठवत नाही, बंद केला तो कुठल्या खेपेला."

"लाव पैज. काच बरोबर आहे आणि तुझी रुसूबाई खरंच पालटलीये."

"लावते," ती म्हणाली. "काच उलटी आहे."

"स्वतःच्याच विरुद्ध?"

"मग काय. भाकीत गेलं तर पैज तरी येईल." ती हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदाच असावी. "हरेल तिनं परसातल्या घेवड्याच्या सगळ्या वाळलेल्या शेंगा सोलायच्या. सगळ्या. तुझ्या बापानं यंदा वेल मक्यावर इतके चढवलेत की पोती भरलीत."

मी हो म्हटलं. मला शेंगांची भीती वाटत नव्हती, इतकी मला खात्री होती.

वारा पडला तसा डबा हळूहळू मधल्या स्टेशनात उतरला. सगळे पर्यटक खाली जाणाऱ्या डब्याकडे धावले. रेजीन एकटी वर जाणाऱ्या शेवटच्या डब्यात बसली. फेलिक्सनं तिला आत घेतलं, दार लावलं, घसा साफ केला, आणि रिकाम्या डब्याला उद्देशून पूर्ण सूचना दिली.

वर पोचली तेव्हा ऊन मावळत होतं. जॅनो दारात उभा, हातात बटाटा.

"तू गेली होतीस ना? मी तुझा वाटा खाल्ला."

"हवालदार निघेल आता."

"मग मी काय बॅण्ड लावू?" तो म्हणाला, पण बटाटा ठेवून तिच्यामागे आला.

तिनं घुमट उघडला. वाऱ्याचा एक झोत आत शिरून फिरून गेला. पश्चिमेला रुसूबाई लुकलुकत होती, अगदी कड्यावर. तिच्याकडे आज बघायचं नव्हतं. रेजीननं दुर्बीण दक्षिणेकडे वळवली. हवालदार जागेवर होता.

यंत्र प्रकाश साठवत होतं तेव्हा ती पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. त्या थोड्या वेळात तिला काय वाटलं, ते तिनं नंतर एकदाच सांगितलं. तिला वाटलं, हे आत्ता बंद करता येईल. घुमट मिटायचा, खाली जायचं, गुरुवारी बास्तियाँ बोलेल, पहिलं नाव तिचं असेल. पुढच्या वसंतात रुसूबाई परत दिसेपर्यंत कुणाला काही कळणार नाही, आणि तोवर कदाचित ती खरंच पालटलेली असेल. मग कधीच कळणार नाही.

"रेघ आली," जॅनो म्हणाला.

"कशी?"

"मला काय विचारतेस? खाली जाते, मग वर."

रेजीन वळली. हवालदाराची रेघ नेहमी आधी वर जाते. ती सगळ्यांना पाठ आहे, जॅनोला सोडून. आज ती आधी खाली गेली होती.

"काय म्हणतो तो?"

"म्हणतो, काच उलटी आहे." ती खुर्चीत बसली. "रुसूबाई जिथल्या तिथे आहे. पालटलेलीच नाही."

थोड्या वेळानं जॅनो सूप घेऊन आला, स्वतःच्या वाट्याचं.

तिनं आधी बास्तियाँला फोन लावला. तिनं सांगितलं ते त्यानं मुकाट्यानं ऐकलं. या खेपेला 'थोडक्यात' आलंच नाही.

"स्लाईड काढतो," तो म्हणाला.

"नावही काढ."

"लेखच नाही तर नाव कशावरून काढू?" मग म्हणाला, "रेजीन, मी गुरुवारी बोललो असतो तर वसंतात सगळ्यांनी मला सोलून काढलं असतं."

"आपल्याला," ती म्हणाली. "पहिलं नाव माझं होतं."

मग तिनं हवालदारासमोरच ठोकळा पाव फेरा फिरवला, रेघ सरळ झालेली बघितली, आणि चौकटीवर खूण केली. पेन्सिलीनं नाही, सुईनं ओरखडा काढून. मग बॅटरी लावून ती खूण बघितली. आणि आणखी एकदा.

त्यानंतर मला फोन आला. नुसतं "शेंगा," एवढंच म्हणाली, आणि 'गा' असा लांबवला की मला अख्खं खोरं ऐकू आलं.

पैज मी हरले. ऑक्टोबर संपत आला तरी मी परसात बसून घेवडा सोलते आहे, दाणे टपोरे, पांढरे, बोटांची सालं निघालीत. शेजारी खुर्ची टाकून ताता बसते. मदत करत नाही, पैजेत ते नव्हतं. मी सोललेली शेंग टाकली की ती उचलते, उघडून बघते, आत दाणा राहिला नाही ना याची खात्री करते, आणि परत टाकते.